गेम जॅममधून गेम इंडस्ट्रीच्या कॉन्फरन्सपर्यंत पोचता येतं का?



मागच्या आठवड्यात सीवूड्स-दारावे स्टेशनवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई भेटली. मुलगी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खुशाली विचारली तर ताई एकदम म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा आता. शनिवार-रविवार दोन्ही रात्री जागली. गेम जॅम होता म्हणे. बक्षीस काही मिळालं नाही. सोमवारच्या इंटर्नलला मार्क कमी पडले ते वेगळंच. आणि आता म्हणते, हाच गेम घेऊन कॉन्फरन्सला जायचंय, पासचे आणि गाडीभाड्याचे पैसे द्या. यातून खरंच काही होतं का हो, की नुसता नाद आहे?"

तेवढ्यात त्यांची गाडी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त या ताईंचा नाही. म्हणून आज हाच विषय जरा नीट समजून घेऊया.

गेम जॅम म्हणजे काय?

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात, बहुतेक वेळा ४८ तासांत, एक छोटा पण खेळता येईल असा व्हिडिओ गेम तयार करायचा. विषय आयत्या वेळी जाहीर होतो. एकट्याने करा किंवा तीन-चार जणांची टीम करा: एक जण कोड लिहितो, एक चित्रं काढतो, एक आवाज आणि संगीत बघतो.

'लुडम डेअर' हा ऑनलाइन जॅम २००२ मध्ये सुरू झाला. त्यात भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात. 'ग्लोबल गेम जॅम' २००९ मध्ये सुरू झाला. तो जगभरात एकाच वेळी, जानेवारीच्या शेवटी भरतो. गंमत म्हणजे ग्लोबल गेम जॅम ही स्पर्धा नाहीच. त्यात नंबर काढत नाहीत, एकत्र येऊन काहीतरी पूर्ण करणं हाच हेतू. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी जॅमवरून रिकाम्या हाताने घरी आली, तर आधी विचारा की त्या जॅमला बक्षीस होतं तरी का!

आणखी एक गैरसमज दूर करूया. गेम म्हटलं की पालकांच्या डोळ्यासमोर पैसे लावून खेळायचे गेम येतात. २०२५ च्या केंद्र सरकारच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक गेम्स यांना त्याच कायद्यात वेगळं स्थान दिलं आहे. आपण इथे गेम खेळण्याबद्दल बोलत नाही, गेम बनवण्याबद्दल बोलतोय. क्रिकेट बघणं आणि बॅट तयार करणं यात जेवढा फरक, तेवढा.

कॉन्फरन्सला जायचं कशासाठी?

मोठ्या कंपनीच्या पैशांशिवाय स्वतःच्या हिमतीवर गेम बनवणाऱ्यांना इंडी डेव्हलपर म्हणतात. त्यांची मुख्य अडचण ही की त्यांना कोणी ओळखत नाही. गेम विकायला मदत करणारे प्रकाशक, पैसे गुंतवणारे, नोकरी देणारे स्टुडिओ आणि पत्रकार हे सगळे एका जागी भेटतात ते अशा कॉन्फरन्समध्ये.

यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे अमेरिकेतली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, म्हणजे जीडीसी. १९८८ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड या गेम डिझायनरच्या घरी, दिवाणखान्यात, जेमतेम पंचवीस-तीस जण जमले होते. तिथून ती वाढत गेली. भारतात इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स, आयजीडीसी, ही बरीच वर्षं हैदराबादला भरत आली. आणि मे २०२५ मध्ये तर आपल्या दारातच, बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, 'वेव्हज' ही मोठी परिषद झाली. सीवूड्सहून हार्बर लाइनने कुर्ला आणि तिथून बस किंवा रिक्षा, एवढ्यावर.

पण तिथे प्रेक्षक म्हणून जाणं वेगळं आणि आपला गेम मांडायला टेबल मिळणं वेगळं. मुलांना हवं असतं ते टेबल. मग जॅममधून तिथपर्यंत पोचता येतं का? मला तीन रस्ते दिसतात.

रस्ता पहिला: जॅम थेट कॉन्फरन्सला जोडलेला

वेव्हजच्या निमित्ताने केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'क्रिएट इन इंडिया' या नावाने बऱ्याच स्पर्धा घेतल्या. त्यातली एक होती 'रोड टू गेम जॅम'. गेम डेव्हलपर असोसिएशन ऑफ इंडिया आणि केजेन यांनी ती भरवली. देशभरातून साडेपाच हजारांहून जास्त नोंदण्या झाल्या. शेवटी निवडले गेले १० गेम, आणि ते १ ते ४ मे २०२५ या काळात मुंबईत वेव्हजमध्ये मांडण्यासाठी ठरले. पहिल्या तिघांसाठी मिळून ७ लाखांची बक्षिसं होती.

म्हणजे इथे उत्तर सरळ 'हो' आहे. जॅम जिंका, टेबल मिळवा. पण आकडे पुन्हा वाचा. साडेपाच हजार नोंदण्या आणि दहा गेम. नोंदणी करणारे सगळेच काही गेम पूर्ण करत नाहीत आणि एका टीममध्ये अनेक जण असतात, हे धरलं तरी दार अरुंदच आहे.

परदेशातलं एक मजेशीर उदाहरण म्हणजे 'ट्रेन जॅम'. २०१४ मध्ये एड्रिएल वॉलिक यांनी तो सुरू केला. जीडीसीला निघालेले डेव्हलपर शिकागोहून एका लांब पल्ल्याच्या गाडीत बसायचे, ५२ तासांच्या प्रवासात गेम बनवायचे, आणि उतरल्यावर तेच गेम जीडीसीमध्ये मांडले जायचे. आपल्याला लोकलमध्ये पेपर वाचायला जागा मिळत नाही, आणि तिकडे गाडीत गेम तयार! पण लक्षात घ्या, या मंडळींचं जीडीसीला जायचं आधीच ठरलेलं होतं. जॅमने त्यांना तिथे दाखवायला काहीतरी दिलं.

रस्ता दुसरा: जॅममध्ये बीज, नंतर मेहनत

फिनलंडचा आर्वी तेइकारी हा विद्यार्थी २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये उतरला. तिथे त्याने 'बाबा इज यू' नावाचा कोड्यांचा गेम केला. या गेमचे नियम पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात आणि खेळणारा ते ठोकळे सरकवून नियमच बदलतो. जॅम त्याने जिंकला. पण तिथे थांबला नाही, गेम वाढवत राहिला. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, जीडीसीत होणाऱ्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला सर्वोत्तम विद्यार्थी गेम आणि उत्कृष्ट डिझाइन असे दोन पुरस्कार मिळाले. पूर्ण गेम विक्रीला आला तो २०१९ मध्ये.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या डॅनियल मुलिन्स यांचं. २०१८ च्या लुडम डेअरमध्ये त्यांनी पत्त्यांचा एक छोटा गेम केला. त्यातूनच 'इन्स्क्रिप्शन' हा मोठा गेम उभा राहिला, २०२१ मध्ये आला, आणि २०२२ मध्ये त्याच फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला.

दोन्ही ठिकाणी जॅम दोन-तीन दिवसांचा आणि पुढची मेहनत दोन-तीन वर्षांची.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालते. करंडक मिळाला म्हणून लगेच कोणी व्यावसायिक नाटकात जात नाही. पण एकांकिकेतून माणूस दिसतो, टीम जमते, आणि कधी कधी त्याच एकांकिकेचं पुढे दोन अंकी नाटक होतं. गेम जॅम ही गेमची एकांकिका समजा. दोन अंक मात्र नंतर लिहावे लागतात.

रस्ता तिसरा: जॅमशिवाय

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बघा. भारतीय पुराणकथांवर आधारलेला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. त्यांचं नाव कुठल्या जॅममुळे झालं नाही, गेम पूर्ण केल्यामुळे झालं.

म्हणजे जॅम ही सक्तीची पायरी नाही. मग त्याचा उपयोग काय?

जॅम नेमकं काय देतो?

कॉन्फरन्समध्ये गेम मांडायचा तर सहसा वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जाबरोबर खेळता येईल असा गेम, छोटा व्हिडिओ, काही चित्रं आणि दोन-चार ओळींत माहिती द्यावी लागते. परीक्षक तो गेम खेळून बघतात. 'माझ्या डोक्यात भारी कल्पना आहे' याला तिथे किंमत नाही. जॅम केलेल्या मुलाकडे निदान एक गेम तयार असतो, आणि तो ऑनलाइन टाकलेला असल्यामुळे लिंक पाठवता येते. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट, मूल काटछाट शिकतं. दहा लेव्हल करायच्या ठरवलेल्या असतात, रविवारी दुपारी कळतं की तीनच होतील. मग सात सोडाव्या लागतात. आपण प्रोजेक्टच्या वेळी कितीही सांगितलं तरी हे गळी उतरत नाही, घड्याळ मात्र उतरवतं.

तिसरी गोष्ट, सोबती मिळतात. पुढे कॉन्फरन्सला जाताना खोलीचं भाडं वाटून घ्यायला हेच उपयोगी पडतात, आणि एखादी ओळख करून द्यायलाही.

जॅम जे देत नाही तेही सांगायला हवं. तो पासचे पैसे देत नाही. दोन दिवसांच्या गेममधल्या चुका दुरुस्त करून देत नाही. आणि सारखे जॅमच करत राहिलं तर वीस अर्धेकच्चे गेम जमा होतात, एकही पुढे जात नाही. दर वर्षी नवी एकांकिका आणि नाटक कधीच नाही, असं व्हायला नको.

पालकांनी काय करावं?

पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी मुलांना चार प्रश्न विचारा.

१. जॅमनंतर गेममध्ये काय सुधारलं? महिनाभरात काहीच हात लागला नसेल, तर कॉन्फरन्सची घाई नको.

२. घराबाहेरच्या किती जणांनी तो खेळला? ते कुठे अडकले? ज्याने हे वहीत लिहून ठेवलं आहे, तो मनापासून करतोय असं समजा.

३. अर्ज केला आहे का, की नुसतं बघायला जायचंय? बघायला जाणंही वाईट नाही, पण मग आधी जवळचं बघा.

४. सवलत शोधली का? बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना कमी दरात पास मिळतो. काही ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केलं तर प्रवेश मिळतो. जीडीसीमध्येही स्वयंसेवकांची अशी योजना होती.

आणि एक अट जरूर घाला. जॅमची तारीख आणि परीक्षेची तारीख कॅलेंडरवर शेजारी-शेजारी लिहायची. वर्षभर जॅम होतच असतात, एक सोडला तर आभाळ कोसळत नाही. झोपेचंही तसंच. दोन्ही रात्री जागून केलेला गेम बहुधा रविवारी सकाळी बिघडतो, आणि दुरुस्त करायला डोकं चालत नाही.

शिक्षकांसाठी

शाळेत हे छोट्या प्रमाणावर करता येतं. एक शनिवार, चार तास, संगणक कक्ष आणि स्क्रॅच. विषय फळ्यावर लिहा, तीन-तीन मुलांच्या टीम करा. शेवटच्या तासाला सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे आणि एक चांगली व एक सुधारण्याची गोष्ट सांगायची. नंबर काढू नका. पण महिन्याभराने पुन्हा एक तास ठेवा आणि विचारा, कोणी आपला गेम पुढे नेला? खरी परीक्षा ती.

ताईंना उत्तर

परवा ताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, बक्षीस नाही मिळालं ते विसरा. इंटर्नलचं मात्र तिला नीट समजावा. आणि लगेच पैसे देऊ नका, पण नाहीही म्हणू नका. तिला दोन महिने द्या. गेम दहा अनोळखी लोकांना खेळायला देऊ दे, दुरुस्त करू दे, स्वतः अर्ज भरू दे. तेवढं झालं, तर निवड होवो न होवो, भाडं द्या."

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी अजून तो गेम खेळलेच नाहीये, सर."

मी म्हटलं, "मग दहातल्या पहिल्या तुम्ही व्हा."