नाद करायचा न्हाय!

गडहिंग्लज म्हणजे फुटबॉल. पण मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरात गोल वेगळाच असतो : सुटायचं आणि सुसाट पळायचं!

माहीत आहे का? मनगटावरची पकड कितीही पैलवानी असू दे, तिला एक लूज पॉइंट असतोच. चार बोटं एकीकडे, अंगठा बिचारा एकटा! म्हणून हात मागे ओढायचा नाही. मनगटाची अरुंद कड अंगठा आणि बोटांच्या फटीकडे वळवायची, कोपर समोरच्याच्या कोपराकडे न्यायचं आणि द्यायचा झटका. जोड्या लावल्या की सुरुवातीला नुसतं खिदळणं. मग एकीचा हात सटकन सुटतो आणि बाकीच्या ओरडतात, "परत दाखव की गं!"

मूठ आवळून जबड्यावर ठोसा? फिल्मी आहे, पण महागात पडतो. करंगळीमागचं हाड मोडलं की त्याला म्हणतात बॉक्सर्स फ्रॅक्चर. त्यापेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा गादीदार भाग वापरा. हाड शाबूत, काम फत्ते!

आता तिखट बातमी. पेपर स्प्रेमध्ये काळी मिरी नसते, असतो मिरचीतला कॅप्सेसिन! म्हणजे जवारी मिरचीच्या सौद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गडहिंग्लजकरांना हा 'फॉरेन' माल घरचाच. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. चेहऱ्यावर नुसतं पाणी मारून आग लगेच विझत नाही ती म्हणूनच. फवारण्याआधी वारा कुठून येतोय ते बघा, नाहीतर ठसका तुम्हालाच!

गंमत बघा, या तालुक्याची सगळ्यात गाजलेली लढाई शिबिरातल्या पहिल्या धड्याच्या बरोब्बर उलटी. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड : शिवरायांचे सेनापती प्रतापराव गुजर आणि सहा साथीदार थेट आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर! त्या सातांना मुजरा. रस्त्यावर मात्र एकास दोन दिसले, तरी ट्रेनरचा हुकूम एकच : पळा आणि ११२ फिरवा.

उंची कमी म्हणून टेन्शन? लंडनच्या एडिथ गॅरड जेमतेम चार फूट अकरा इंच! मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांना त्यांनी १९१३ च्या सुमारास जुजुत्सू शिकवलं, पोलिसांशी दोन हात करायला. आणि त्या बायका झग्यात काय लपवायच्या, माहीत आहे का? लाकडी 'इंडियन क्लब'. आपल्या तालमीतल्या मुद्गलांचे विलायती भाऊबंद!

कराटेचा पट्टा कमरेला, कोल्हापूरचा पट्टा हातात! मर्दानी खेळातला दंडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. राज्यप्राणी शेकरूला तगडी कंपनी मिळाली. दंडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळतच नाही. सगळा खेळ खांद्याचा आणि पायांचा. पर्समध्ये मावत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

आणि कायदा? भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. स्वतःसाठीच नव्हे, शेजारणीला वाचवायलाही! फक्त बचावाला लागेल तेवढंच. धोका टळल्यावर "आणि हे घे माझ्याकडून" असा बोनस राउंड त्यात बसत नाही.