इरकल, स्नीकर्स आणि तीन साक्षीदार

आमच्या सुपे गावच्या मैत्रिणीनं पुण्यात लग्न केलं. माणसं मोजून चाळीस. ती आजीची इरकल नेसली होती, लाल टोपपदरावर पांढरी शिखरं, आणि खाली पांढरे स्नीकर्स! हळद ओली असताना सही करायला गेली, तेव्हा रजिस्टरवर पिवळा अंगठा उमटणार म्हणून कारकून आधीच ओरडला.

तुम्हालाही असं नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ बघा. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. साक्षीदार तीन, दोन नव्हे. आमची इथेच धावपळ झाली.

साधं लग्न हे काही नवं फॅड नाही. पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ ला लागला, भटजीविना.

आणि सुपं म्हटलं की १२ मे १८७५ आठवतोच. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले ते इथेच. पुढे नेमलेल्या आयोगानं म्हटलं, की कर्जाचं खापर लग्नखर्चावर उगाच जास्त फोडलं जातं. हे वाचून मैत्रिणीच्या चुलत्यांनी लगेच गावजेवणाचा विषय काढला. शेवटी तडजोड झाली. पुढच्या रविवारी सुप्यात पंगत आहे, मीही निघालोय.