१६२ सामने कशासाठी?

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. पहाटे साडेपाचला आमच्या होस्टेलवर जागी माणसं दोनच, मी आणि माझा रूम पार्टनर. (मेसचे काका धरले तर तीन.) लॅपटॉपवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच. अकराव्या इनिंगपर्यंत ताणली गेली आणि लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरांटो ब्लू जेजना ५-४ ने हरवलं. नंतर चहा घेताना मी म्हटलं, "अरे, पण सीझनभर सगळ्यात जास्त मॅचेस मिलवॉकीने जिंकल्या होत्या. ९७. डॉजर्सच्या ९३च." आणि त्याच मिलवॉकीला डॉजर्सनी सेमीफायनलमध्ये ४-० असं धुतलं होतं! तिथून जो वाद सुरू झाला, त्यातून हा लेख.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीच्या १६२ मॅचेस. १९६८ पर्यंत भानगडच नव्हती. दोन लीग, दोघींचे विजेते थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. १९६९ ला प्लेऑफमध्ये ४ टीम झाल्या, १९९५ ला ८, २०१२ ला १० आणि २०२२ पासून १२. आता ग्रुपचे विजेते सोडून प्रत्येक लीगमधून आणखी तिघांना वाइल्ड कार्ड मिळतं. आपल्या भाषेत एटीकेटी.

वाढवायला कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. १९९३ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०३ मॅचेस जिंकल्या आणि घरी बसले, कारण त्यांच्याच ग्रुपमध्ये अटलांटाने १०४ जिंकल्या. हा अन्यायच. पण औषधाचा डोस किती, हा प्रश्न आहे.

आता मित्रांनो, एम-३ मधली प्रोबॅबिलिटी बाहेर काढा. समजा एक टीम खरंच चांगली आहे, म्हणजे कुठलीही मॅच जिंकण्याची तिची शक्यता ०.५५. बेसबॉलमध्ये हे काही कमी नाही. १०० मॅचेस जिंकणारी टीम म्हणजे मोठी टीम, आणि तेसुद्धा ६२ टक्केच होतात. सात मॅचेसची सिरीज ही टीम ६१ टक्के वेळा जिंकेल, पाचची ५९ टक्के, तीनची ५७ टक्के. १९६८ ची पद्धत असती तर चॅम्पियन व्हायची शक्यता ६१ टक्के. आज पहिल्या फेरीत बाय मिळाला तरी तीन सिरीज जिंकायच्या, म्हणजे २२ टक्के. बाय नसेल तर साडेबारा! सहा महिने टर्मवर्क मन लावून करा आणि शेवटी मार्क ठरणार दहा मिनिटांच्या ओरलवर, त्यातली गत.

हे नुसतं कागदावर नाही. २०२२ ला डॉजर्सनी १११ मॅचेस जिंकल्या, आणि ८९ वाल्या सॅन डिएगोने त्यांना घरी पाठवलं. २०२३ ला शंभर किंवा जास्त जिंकलेल्या तीन टीम होत्या. तिघीही आपल्या पहिल्याच सिरीजमध्ये आउट. त्या वर्षी ८४ जिंकणारी अॅरिझोना वर्ल्ड सिरीज खेळली आणि ८३ जिंकणारी शिकागो कब्ज टीव्हीसमोर बसली.

इथे पार्टनरने मला बरोबर पकडलं. तो म्हणाला, "मग ८३ आणि ८४ मध्ये फरक काय?" काही नाही! प्रत्येक मॅच नाणं उडवून ठरवली तरी १६२ मॅचेसमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन सहाच्या वर येतं. म्हणजे बारावी आणि तेरावी टीम तशी सारखीच. पण हाच न्याय लावला तर चौदावी आणि पंधरावीही सारखीच, आणि रेघ कुठेच मारता येणार नाही. (लॉकडाउनच्या वर्षी, २०२० ला, ६० मॅचेसच्या सीझननंतर १६ टीम घेतल्या होत्याच.)

दुसरी गोष्ट बॉलरची, म्हणजे पिचरची. सीझनमध्ये रोज मॅच असते, त्यामुळे सुरुवात करणारे पाच पिचर आलटून पालटून लागतात. प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, तीन-चारांत भागतं. म्हणजे सहा महिने जी खोली कामाला आली, तिचं ऑक्टोबरमध्ये वजन कमी.

मग टीम वाढवायच्या कशाला? पैसा, दुसरं काय. प्लेऑफ वाढले की टीव्हीवर विकायला मॅचेस वाढतात. २०२१-२२ च्या टाळेबंदीत मालकांना १४ टीम हव्या होत्या, घासाघीस होऊन १२ वर तुटलं. खेळाडूंची भीती अशी की ८४ वर काम भागत असेल, तर मालक चांगल्या खेळाडूवर खर्च कशाला करेल? मला ही भीती खरी वाटते.

माझं मत: १२ वर थांबा, आणि वरच्यांना खरा फायदा द्या. जपानमध्ये लीगचा विजेता प्लेऑफच्या शेवटच्या फेरीत १-० ने पुढे राहूनच उतरतो आणि सगळ्या मॅचेस त्याच्याच मैदानावर होतात. मघाचंच ०.५५ घेऊन मी गणित केलं. सातच्या सिरीजमध्ये ६१ टक्क्यांचे ७४ होतात, तेही होम ग्राउंडचा फायदा न धरता. विश्वास नसेल तर रूमवर या, वहीचं पान दाखवतो.

पार्टनर मात्र अजून १४ वर अडून आहे. त्याची टीम लॉस एंजेलिस एंजल्स. २०१४ नंतर २०२५ पर्यंत ते एकदाही प्लेऑफमध्ये पोचलेले नाहीत.