गाव बदलले तरी रेशन सुटत नाही : ‘एक देश, एक रेशन कार्ड’

कामासाठी तुम्ही सुरत, हैदराबाद किंवा पुण्याला आला आहात आणि रेशन कार्ड गावच्या दुकानाला जोडलेले आहे. इथला दुकानदार म्हणतो, “हे कार्ड इथले नाही.” एवढ्यावरून परत फिरू नका. तुमचे कार्ड राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात बसत असेल, तर ई-पॉस मशीन असलेल्या देशातल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येते. ही सोय २०१९ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली. जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली.

किती धान्य मिळते?

• प्राधान्य कुटुंब : कार्डावरील प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला ५ किलो
• अंत्योदय : माणसे कितीही असोत, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो

१ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून ही मोफत योजना आणखी ५ वर्षांसाठी वाढवली आहे. त्यामुळे या धान्यासाठी कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नका.

काय करावे लागते?

नवीन कार्ड काढायचे नाही, गावचे नावही कमी करायचे नाही. दुकानात रेशन कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगा आणि मशीनवर अंगठा द्या. कार्डावर नाव असलेल्या कोणत्याही एका व्यक्तीने अंगठा दिला तरी चालते. मात्र तिचे आधार कार्डाशी जोडलेले हवे. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. त्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळायला हवेत.

निम्मे कुटुंब गावी असेल तर?

समजा, कार्डावर ५ नावे आहेत. म्हणजे महिन्याचे २५ किलो. दोघे शहरात, तिघे गावी आहेत. शहरात १० किलो घ्या, उरलेले १५ किलो गावी मिळतील. पण वाटणी मशीन करत नाही. शहरात सगळे २५ किलो उचलले, तर गावी घरच्यांना त्या महिन्यात काहीच मिळणार नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी फोन करून ठरवा.

दुकानदार टाळाटाळ का करतो?

बाहेरच्यांना धान्य दिले तर आपल्या नेहमीच्या ग्राहकांना कमी पडेल, अशी त्याला भीती असते. मात्र अशी विक्रीही मशीनवर नोंदली जाते, त्या नोंदीवरून साठ्याचा हिशेब लागतो आणि दुकानदाराला त्यावरही मार्जिन मिळते. धान्य देणे म्हणजे तुमच्यावर उपकार नव्हे. साठा खरोखरच संपला असेल, तर दुसऱ्या दुकानात जा. एकाच दुकानाचे बंधन नाही.

या सोयीत काय मिळत नाही?

राज्य सरकार स्वतःच्या खर्चाने देते त्या वस्तू दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत. ज्यांचे कार्ड अन्न सुरक्षा कायद्यात बसत नाही, त्यांनाही हा लाभ नाही. गहू किती आणि तांदूळ किती, हे तिथल्या दुकानात काय येते त्यावर ठरते.

नावे आणि ई-केवायसी तपासा

नवीन सून किंवा बाळाचे नाव कार्डावर नसेल, तर त्यांच्या वाट्याचे धान्य कुठेच मिळणार नाही. महिन्याला ५ किलो म्हणजे वर्षाला ६० किलो. नाव वाढवण्याचा अर्ज मात्र तुमच्या मूळ राज्यातच करावा लागतो. ई-केवायसीसाठी गावी जाण्याची गरज नाही. ती जवळच्या रेशन दुकानात होते. ती राहिली असेल, तर आजच करून घ्या.

धान्य नाकारले तर?

‘एक देश, एक रेशन कार्ड’साठी १४४४५ आणि रेशनच्या इतर तक्रारींसाठी १९६७ या क्रमांकावर फोन करा. दुकानाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते.