विकतची टपालयादी आणि पुस्तकाचा खप

स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकाची अडचण आता छपाईची राहिलेली नसून वाचक गाठण्याची झाली आहे. ॲमेझॉनच्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ (केडीपी) या सेवेने 2016च्या डिसेंबरात मराठीचा समावेश केल्यापासून चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा मराठी अभियंतादेखील पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकांची पायरी न चढता, फुकटात ग्रंथकार होऊ शकतो. पुस्तक निघाल्याचे वाचकाला कळावे कसे, या प्रश्नावर अशा लेखकाला एक उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे पैसे मोजून ई-मेल न्यूजलेटरमध्ये पुस्तकाची जाहिरात करणे.

या व्यवसायातील ठळक नाव म्हणजे 2012 साली अमेरिकेत सुरू झालेले ‘बुकबब’. रहस्यकथा, प्रणयकथा, इतिहास असे आवडीचे प्रकार वाचक नोंदवतात, त्यानुसार सवलतीच्या किंवा मोफत ई-पुस्तकांची यादी त्यांच्या टपालपेटीत येते आणि लेखकाकडून त्या प्रकाराच्या वाचकसंख्येच्या मानाने शुल्क आकारले जाते. भारतातील वाचकांसाठीही ही सोय आहे. मात्र पुस्तकांची निवड संपादक करतात, त्यामुळे पैसे देण्याची तयारी असूनही अनेकांना नकार मिळतो. वाचकांच्या या यादीचे खरे मोल तिच्या आकारापेक्षा तिच्यातील माणसांनी टपाल स्वतःहून मागितलेले असते, यात आहे.

हिशेब मात्र निष्ठुर असतो. समजा, पुस्तकाची किंमत 99 रुपये आणि जाहिरातीचे शुल्क 5,000 रुपये आहे. कर आणि फाइल पोचवण्याचा खर्च बाजूला ठेवला, तर 70 टक्के रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतील लेखकाच्या वाट्यावर, शुल्क भरून निघण्यास 73 प्रती खपाव्या लागतात आणि 35 टक्क्यांवर 145. त्यातही भारतातील विक्रीवर 70 टक्के हवे असतील, तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नोंदवून 90 दिवस त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र न विकण्याचे बंधन पत्करावे लागते. मोफत वाटलेल्या प्रतींचे आकडे डोळे दिपवणारे असले, तरी त्यांतून रॉयल्टीचा एक पैसाही मिळत नाही.

जाहिरातीच्या दिवशी खप उसळतो आणि थोड्याच दिवसांत ओसरतो, असे सहसा दिसते. म्हणून खरा लाभ त्या लेखकाला होतो, ज्याच्या मालिकेचा पहिला भाग स्वस्तात घेतलेला वाचक पुढचे भाग पूर्ण किमतीला घेतो. एकच पुस्तक नावावर असलेल्याचा पैसा त्या एका दिवसाबरोबरच संपतो. शिवाय केडीपीच्या विक्री अहवालात प्रती किती खपल्या हे दिसते, ग्राहक कोठून आला हे दिसत नाही. तेव्हा परिणाम मोजायचा असेल तर जाहिरातीच्या आठवड्यात दुसरी कोणतीही जाहिरात न करता आधीच्या आठवड्यांशी तुलना करणे, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो.

मराठी पुस्तकाचे गणित तर मुळातच वेगळे आहे. इंग्रजी यादीवर मराठी कादंबरीची जाहिरात म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि मराठीत प्रकारवार वाचकांची अशी विकतची यादी रुजलेली नाही. वाचकांना आधी जोडून घेण्याची रीत मात्र येथे जुनीच आहे: डॉ. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात मर्यादित कंपनी काढून वर्गणीदार मिळवले, 1974 साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांचीच चळवळ उभारली आणि अलीकडे ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने ई-पुस्तके विनामूल्य थेट वाचकांपर्यंत पोचवली. यांपैकी कोणीही वाचक आयता विकत घेतला नाही, ही बाब न्यूजलेटर चालवणाऱ्यांच्या दरपत्रकात अर्थातच आढळणार नाही.

तेव्हा इंग्रजीत मालिका लिहिणाऱ्याने, निवड झाल्यास, हा खर्च एकदा करून पाहण्यास हरकत नाही. मराठीत पहिलेच पुस्तक काढणाऱ्याने मात्र तो टाळावा आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपला ई-मेल पत्ता देऊन पत्र पाठवणाऱ्या वाचकांची, त्यांच्या संमतीने, स्वतःची यादी सुरू करावी.