परित्यक्त वास्तूंचे छायाचित्रण

परित्यक्त वास्तूंचे छायाचित्रण : वापर थांबलेले कारखाने, खाणी, वीजकेंद्रे, रेल्वेस्थानके, रुग्णालये, तुरुंग इ. वास्तूंची आतून व बाहेरून पाहणी करून छायाचित्रांद्वारे त्यांची नोंद करण्याची पद्धती. राजवाडे, दुर्ग, मंदिरे यांच्या अवशेषांना पुरातन म्हणून संरक्षण मिळते. कारखान्यातील यंत्रसामग्री विकली गेली, की तो मात्र केवळ जमिनीचा तुकडा ठरतो. वास्तू बंद पडणे व पाडली जाणे यांमधील काळ पुष्कळदा अल्प असतो आणि त्या काळात घेतलेली छायाचित्रे हाच तिचा अखेरचा पुरावा उरतो. अशा छायाचित्राचे मूल्य त्यातील दृश्यसौंदर्यापेक्षा त्यासोबत राखलेल्या माहितीवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : औद्योगिक अवशेषांच्या पद्धतशीर अभ्यासास दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रेट ब्रिटनमध्ये चालना मिळाली. लंडनच्या यूस्टन स्थानकाची १८३७ मधील भव्य कमान लोकांचा विरोध डावलून १९६१–६२ मध्ये पाडण्यात आली. या घटनेने तेथील लोकमत जागृत झाले. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींच्या नोंदणीचा शासकीय उपक्रम १९३३ पासून चालू होता. पूल, धरणे, कारखाने यांसाठी १९६९ मध्ये तेथे स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. मोजमापांचे आराखडे, लेखी इतिहास आणि मोठ्या आकाराच्या फिल्मवरील छायाचित्रे अशी तिहेरी नोंद करून ती काँग्रेस ग्रंथालयात जतन केली जाते.

जर्मनीतील बर्न्ट बेखर (१९३१–२००७) व हिला बेखर (१९३४–२०१५) या दांपत्याने १९५९ पासून झोतभट्ट्या, जलमनोरे, वायुटाक्या, खाणींवरील उच्चालक मनोरे इत्यादींचे छायाचित्रण केले. आकाश ढगाळ असताना, म्हणजे गडद सावल्या पडत नसताना, किंचित उंचावरून व वास्तूच्या उभ्या रेषा सरळ राहतील अशा बेताने ते छायाचित्र घेत. एकाच प्रकारच्या अनेक वास्तूंची चित्रे शेजारी शेजारी मांडल्याने त्यांतील साम्यभेद चटकन ध्यानात येतात. डॉर्टमुंट येथील त्सोलर्न ही कोळशाची खाण १९६६ मध्ये बंद पडली. तेथील विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले यंत्रगृह पाडले जाऊ नये, म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत हे दांपत्यही होते. १९६९ मध्ये त्या वास्तूस संरक्षण मिळाले. आज तेथे औद्योगिक संग्रहालय आहे.

पद्धती : प्रथम वास्तूचा परिसर, नंतर दर्शनी बाजू, अंतर्भाग व शेवटी तपशील, असा क्रम सामान्यतः पाळतात. चित्रात मोजपट्टी ठेवल्यास आकारमानाचा बोध होतो. प्रत्येक चित्रास दिनांक, स्थान व कॅमेऱ्याची दिशा जोडणे आवश्यक असते. यंत्र काढून नेल्यावरही जमिनीतील बोल्टांच्या रांगा, भिंतीवरील दंडाचे आधार आणि तेलाचे डाग यांवरून यंत्रांची मांडणी व कामाचा क्रम ओळखता येतो. म्हणून सामान हलवून दृश्य आकर्षक करणे हे पुरावा बिघडविण्यासारखेच होय. जुन्या वास्तूंत कुजलेली जमीन, उघडे खड्डे, ॲस्बेस्टॉसची धूळ आणि बंद टाक्यांतील प्राणवायूचा अभाव हे धोके संभवतात. मालकाची परवानगी घेणे व एकट्याने आत न जाणे हे नियम त्यामुळेच महत्त्वाचे ठरतात.

संस्थांच्या वास्तूंत आणखी एक प्रश्न उद्भवतो. न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सु. ४०० बॅगा सापडल्या. पुढे त्यांतील वस्तूंची छायाचित्रे घेण्यात आली. कपडे, पत्रे, शिवणकामाचे साहित्य यांतून रुग्णालयाबाहेरचे त्यांचे आयुष्य प्रकट झाले. अशा वेळी रुग्णाची ओळख उघड करू नये, हे तत्त्व आणि त्याला निनावी ठेवू नये, ही भावना यांत संघर्ष निर्माण होतो.

आक्षेप : अमेरिकेतील डिट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० मध्ये सु. १८·५ लाख होती. २०१० मध्ये ती सु. ७·१ लाखांवर आली. तेथील ओसाड वास्तूंची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. तथापि, या चित्रांत माणसे नसल्याने लाखो लोकांचे राहते शहर निर्जन भासते आणि ऱ्हासाची कारणे झाकली जातात, अशी टीका झाली. १९१३ मध्ये सुरू झालेले व १९८८ मध्ये बंद पडलेले तेथील मिशिगन सेंट्रल स्थानक अशा चित्रांचा ठरीव विषय बनले होते. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये ते विकत घेतले व दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

मुंबईतील गिरण्या : मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर व्यापारी संकुले व उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. काही ठिकाणी तर केवळ चिमणी उरली. गिरणीचे करवती छप्पर काचांतून उत्तरेचा सौम्य प्रकाश आत घेण्यासाठी असते, हे छायाचित्रावरून समजू शकते. परंतु साच्यांचा आवाज, दमट हवा, भोंग्यावर बेतलेला दिवस किंवा बदली कामगाराची दारावरची प्रतीक्षा त्यातून कळत नाही. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. छायाचित्रांस अशा साक्षींची जोड आवश्यक असते. वास्तू पाडल्यानंतरही चित्रे उरतात. पण कोणत्या खात्यात कोणते काम चाले, हे सांगू शकणाऱ्या कामगारांची पिढी वृद्ध झाली आहे. म्हणून संग्रहातील जुन्या छायाचित्रांवरील स्थळ, यंत्र व व्यक्ती यांची ओळख त्यांच्याकडून वेळीच पटवून घेणे, हे नवी छायाचित्रे घेण्याइतकेच निकडीचे कार्य होय.