थेंबातला कारखाना

परवा रात्री नात आईला भांडी घासायला मदत करत होती. तेलकट कढई हातात धरून तिने विचारले, 'आजोबा, साबणाने तेल जाते तरी कसे?' उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मन थेट पुण्यातल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. उमेदीची पाच वर्षे मी तेल, पाणी आणि साबण यांच्याच संगतीत काढली होती.

साबणाच्या रेणूला एक डोके असते, एक शेपूट. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला तेल. कढई घासताना शेपट्या तेलात रुततात आणि तेलाचा कण पाण्याबरोबर वाहून जातो. आता हाच मामला उलटा करा. तेलासारखा द्रव भरपूर घ्या, पाणी चमचाभर. मग डोकी आत, शेपट्या बाहेर असे रिंगण करून साबण पाण्याचे इवलेसे थेंब पोटात घेतो. हे थेंब अवघे काही नॅनोमीटरचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! प्रकाशलहरींपेक्षा ते इतके लहान, की मिश्रण दुधासारखे न दिसता नितळ दिसते. याचे नाव मायक्रोइमल्शन.

या थेंबांचा उपयोग काय? प्रत्येक थेंब म्हणजे एक चिमुकला कारखाना. एका फ्लास्कमधल्या थेंबांत प्लॅटिनमचा क्षार ठेवायचा, दुसऱ्यातल्या थेंबांत हायड्राझिन. दोन्ही एकत्र केले की थेंब एकमेकांवर आपटतात, क्षणभर जुळतात, आतला माल बदलतात आणि पुन्हा वेगळे होतात. या देवघेवीतून आत धातूचा कण जन्मतो, पण साबणाच्या भिंतीमुळे त्याला फार वाढता येत नाही. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये मागाली बुतोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तीन ते पाच नॅनोमीटरचे प्लॅटिनम, पॅलेडियम यांचे कण केल्याचे प्रसिद्ध केले. आम्ही त्याच वाटेने निघालो होतो.

एवढे लहान कशासाठी? एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा-दहा नॅनोमीटरचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. दोन टेनिस कोर्टांहूनही अधिक! रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. महागडे प्लॅटिनम गोळ्याच्या पोटात वाया का घालवायचे? १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धुरातले विष कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले. त्यांत असेच धातू असतात. त्यामुळे आम्हाला भलताच हुरूप होता.

पण घात झाला तो माझ्याच उतावीळपणाने. सहा महिन्यांच्या खटपटीनंतर हाती आलेली चिमूटभर काळी पूड, कणांना चिकटलेला साबण जाळावा म्हणून, मी ५०० अंशांच्या भट्टीत ठेवली. साबण गेला, पण त्याबरोबर भिंतीही गेल्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहतो तो काय, सगळे कण एकमेकांना बिलगून त्यांचे ढेकूळ झालेले! त्या संध्याकाळी मी न जेवताच झोपलो.

सकाळी सरांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'लहान करणं जमलं तुला. आता लहान ठेवणं शीक.'

मग सुरू झाली मिश्र कणांची गोष्ट. प्लॅटिनमचे कण तयार झाल्यावर आम्ही त्यांत सेरियमच्या क्षाराचे थेंब घातले, पाठोपाठ अमोनियाचे. सेरियमचा साका कणांभोवती बसला आणि तापवल्यावर त्याचे ऑक्साइड झाले. हे ऑक्साइड धातूच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवते. शिवाय धुरात ऑक्सिजन कमी पडला तर स्वतःजवळचा देते, जास्त झाला तर साठवून ठेवते. या वेळी भट्टीतून काढलेली पूड मायक्रोस्कोपखाली पाहिली, तेव्हा कण बरेचसे जागच्या जागी होते. माझे हात थरथरत होते.

ही पद्धत खर्चीक. बादलीभर तेल-साबण वापरावा तेव्हा कुठे चिमूटभर माल हाती येतो. म्हणून मोठ्या प्रमाणावर उत्प्रेरक करताना सहसा दुसऱ्या, सोप्या वाटा धरतात. तरीही कणाचा आकार आणि त्याचा शेजार नेमका ठरवायचा असेल, तर आजही संशोधक या थेंबांकडे वळतात.

'आजोबा, साबण!' नातीने हाक मारली. कढई लख्ख झाली होती. मी म्हटले, 'ये, बस. शेपटीपासून सांगतो.'